एकुलत्या एकीचे तीन भाऊ

परीक्षेची तालीम चालली होती. आयइएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत तोंडी परीक्षेच्या दुसऱ्या भागात हातात एक कार्ड मिळतं, विचार करायला एक मिनिट मिळतं आणि मग एक-दोन मिनिटं सलग बोलायचं असतं. मी कार्डावर विषय दिला होता: तुला जिचं किंवा ज्याचं कौतुक वाटतं अशी घरातली एक व्यक्ती. समोर बसलेली विद्यार्थिनी चीनमधल्या छंगदू शहरातली, तिशीच्या जरा अलीकडची, सिंगापुरात हिशेबाच्या कामावर. (तिची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, गोष्ट तीच आहे.) पहिल्या भागात, जुजबी प्रश्नोत्तरांत, तिने ठणठणीत आवाजात सांगितलं होतं, ‘आय अ‍ॅम अ‍ॅन ओन्ली चाइल्ड.’ पाच मिनिटांनी कार्ड खाली ठेवून ती म्हणाली, ‘माय ब्रदर इज सेव्हन इयर्स ओल्डर दॅन मी.’ या भावाने तिला सायकल शिकवली, गणितात मदत केली, तो आता डॉक्टर आहे. जाता जाता कळलं की दुसरा एक भाऊ शेन्झनला असतो आणि सगळ्यांत धाकटा अजून शिकतोय.

मी विचारलं, “तू एकुलती एक ना?”

“हो.”

“मग हे तीन भाऊ?”

“हो, तीन.”

तिला यात काही वावगं दिसत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही ते लगेच खटकलं नव्हतं. आमच्या साताऱ्याच्या घरात मला कोणी भाऊ किती म्हणून विचारलं तर मी अकरा म्हणेन, सख्खा एक असला तरी. त्या दिवशी परीक्षकाच्या खुर्चीत बसले होते, म्हणून प्रश्न सुचला एवढंच. खरा परीक्षक कदाचित काही विचारणारही नाही. पण गोंधळलेला चेहरा समोर दिसला की ही अडखळणार, आणि पुढची तीन मिनिटं हातची जाणार, हे मला दिसत होतं.

तिला ‘कझिन’ शब्द येत नव्हता असं नाही. शाळेत पाठ केलेल्या यादीत तो होता. पण चिनी विद्यार्थ्याला शब्दकोशात त्यासमोर काय मिळतं ते पाहा: ‘थांग’, कंसात ‘प्याओ’, आणि त्यापुढे थोरला भाऊ, धाकटा भाऊ, थोरली बहीण, धाकटी बहीण असं चौघांचं गाठोडं. हे गाठोडं रोजच्या बोलण्यात कोणीही उचलत नाही. तिच्या डोक्यात ‘कझिन’ हा पुस्तकातला शब्द होता, कुठल्याही जिवंत माणसाला न चिकटलेला. सायकल शिकवणारा तो मामाचा मुलगा तिच्यासाठी ‘कऽक’ होता, म्हणजे दादा. दादाचं इंग्रजी ‘ब्रदर’. यात चूक कुठे शोधायची?

आता चिनी नात्यांची वाटणी थोडी उलगडायला हवी, कारण सगळी गंमत तिच्यात आहे. वडिलांच्या भावाची मुलं ती थांग. थांग म्हणजे दिवाणखाना, घराचं मुख्य दालन. एका आडनावाची, एकाच पूर्वजांसमोर वाकणारी भावंडं. बाकीची सगळी, म्हणजे आत्याची, मामाची, मावशीची मुलं, ती प्याओ. प्याओ म्हणजे बाहेरची बाजू, पृष्ठभाग. आत्या आपल्या रक्ताची असली तरी लग्न होऊन दुसऱ्या आडनावात गेली, म्हणून तिची मुलंही बाहेरची. (प्याओ हे रोमन लिपीत ‘बी’ने लिहितात, पण उच्चार आपल्या ‘प’चा. फ नव्हे आणि ब नव्हे, हे मराठी कानाला फुकट मिळतं. इंग्रजीभाषकांना त्यासाठी वर्ष घालवावं लागतं.) मग या दोन गटांत प्रत्येकी थोरला-धाकटा आणि भाऊ-बहीण असे भाग. थांगकऽ, थांगती, थांगच्ये, थांगमेइ. प्याओकऽ, प्याओती, प्याओच्ये, प्याओमेइ. एकूण आठ.

मी फळ्यावर शेजारी आपले मांडले. चुलत, आते, मामे, मावस. प्रत्येकात भाऊ आणि बहीण. तेही आठच! ती हसायला लागली. पण आकडा जुळला तरी सुरी वेगळ्या जागी फिरली आहे. चिनी शब्द ऐकून वय कळतं, मराठी शब्द ऐकून कळत नाही. मराठी शब्द ऐकून तो मामाकडचा की मावशीकडचा हे कळतं, चिनी ‘प्याओ’त ते बुडून जातं, फारच गरज पडली तर त्याआधी आत्याचं, मामाचं किंवा मावशीचं अक्षर जोडतात. आणि या सगळ्यांवर एकच टोपी घालणारा शब्द ना त्यांच्या रोजच्या बोलण्यात आहे, ना आपल्या. आपण ‘चुलत-मावस भावंडं’ असं जोडकाम करतो, किंवा हल्ली सरळ ‘कझिन्स’ म्हणतो. म्हणजे शहरी मराठीने हा शब्द उसना घेतला तो हौसेने नाही. ती जागा खरोखरच रिकामी होती.

आणखी एक जोडी सापडली, तिने मला फार आनंद दिला. ‘सख्खा’ला इंग्रजीत नेमका शब्द नाही. चिनीत आहे, ‘छिन’. ‘छिन कऽक’ म्हणजे सख्खा थोरला भाऊ. ज्या भाषेत भाऊ म्हणजे भावांचा अख्खा कळप, तिथेच ‘सख्खा’ची गरज पडते. इंग्रजीत ‘ब्रदर’ हा मुळातच सख्खा असतो, सावत्र असेल तरच तसं सांगायचं.

निदान झालं, आता उपाय. पहिला उपाय फसला.

मी सांगितलं, आईवडील वेगळे असतील तर ब्रदर म्हणायचं नाही, कझिन म्हणायचं. तिने वहीत लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात तेच कार्ड पुन्हा दिलं. ‘माय कझिन इज अ डॉक्टर. शी टॉट मी हाउ टु राइड अ बायसिकल.’ मामाचा मुलगा एका आठवड्यात मुलगी झाला होता.

हे विसराळूपणाचं काम नव्हतं. बोलण्यात चिनी भाषेत तो, ती, ते तिन्हींना एकच उच्चार आहे, ‘था’. लिहिताना वेगळी चिन्हं वापरतात, पण तीही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळलेली. चिनी माणसाचं यात अडत नाही, कारण नात्याच्या शब्दातच पुरुष की बाई हे येऊन गेलेलं असतं. प्याओकऽ म्हटल्यावर पुढचा ‘था’ बेफिकीर राहू शकतो. इंग्रजीने नेमकं उलटं केलं आहे. ‘कझिन’ काहीच सांगत नाही आणि सगळा भार पुढच्या ‘ही’ किंवा ‘शी’वर टाकतो. तिला मी पहिल्या शब्दातली माहिती काढून घ्यायला सांगितली, पण ती दुसऱ्या शब्दात भरायला सांगितलीच नाही. मराठी माणसाची ही चूक होत नाही. आपलं क्रियापदच चुगली करतं, ‘आला’ किंवा ‘आली’ म्हटल्याशिवाय वाक्य संपत नाही.

दुसरा उपाय माझ्या तोंडून आपोआप निघाला आणि तोही चुकला. ‘मग कझिन ब्रदर म्हण,’ मी म्हणाले. शेजारच्या टेबलावर वह्या तपासत बसलेली माझी इंग्लंडमधली मैत्रीण मान वर करून म्हणाली, ‘नक्की कोण, कझिन की ब्रदर?’ भारतात आपण सगळे कझिन ब्रदर आणि कझिन सिस्टर म्हणतो, आणि आपल्यात ते चोख चालतं. ती भारतीय इंग्रजीची कमाई आहे, मला त्याची लाज वाटत नाही. पण लंडनच्या कानाला ते ‘आंबा फणस’ असं काहीतरी ऐकू येतं. चिनी मुलीच्या तोंडी तर ते परक्याकडून घेतलेलं परकं झालं असतं. आम्ही ते खोडलं. मजा अशी की ते तिला अगदी स्वाभाविक वाटलं होतं आणि खोडताना तिने नाक मुरडलं.

मग मी इतिहासाकडे वळले. व्याकरणाच्या वर्गात एवढं मागे जायचं नसतं असं म्हणतात. मला उलट अनुभव आला.

रोमन लोकांकडे एक ‘कझिन’ नव्हता, तीन होते. वडिलांच्या भावाचा मुलगा तो पात्रुएलिस, आपला चुलत. एकमेकांच्या आते-मामेभावांना आमितिनुस. आणि मावशीचा मुलगा तो कोन्सोब्रिनुस. त्यात ‘सोरोर’, म्हणजे बहीण, हा शब्द दडलेला आहे. बोलता बोलता कोन्सोब्रिनुसने बाकीच्या दोघांना गिळलं, फ्रेंचमध्ये तो झिजून ‘कझॅं’सारखा झाला आणि नॉर्मनांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यावर पुढच्या शे-दोनशे वर्षांत इंग्रजीत शिरला. त्याच्याबरोबर अंकल, आंट, नेफ्यू आणि नीस हेही फ्रेंचमार्गेच आले. आई, बाप, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी हे मात्र घरचेच राहिले. उंबऱ्याच्या आतली नाती देशी आणि ओसरीवरची पाहुणी, असा काहीसा प्रकार.

त्याआधी इंग्रजांकडेही काका आणि मामा वेगळे होते. मामा ‘एआम’, चुलता ‘फेडेरा’. आत्या ‘फाथू’, मावशी ‘मोद्रिये’. ही चारही नावं गेली. उरलेल्यांचं मूळ पाहिलं तर अंकल लॅटिनमध्ये आईचा भाऊ, आंट ही वडिलांची बहीण. म्हणजे अंकल मुळात मामा, आंट मुळात आत्या आणि कझिन मुळात मावसभाऊ. आपण रिक्षावाल्याला अंकल म्हणतो तेव्हा नकळत मामाच म्हणत असतो.

हे ऐकून ती पहिल्यांदा पुढे सरकून बसली. “म्हणजे त्यांच्याकडे होतं आणि त्यांनी टाकून दिलं?” तिच्या आवाजात थोडा निषेध होता. तिच्या देशाचा सर्वांत जुना शब्दकोश, ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकाच्या आसपासचा ‘अरया’, त्याच्या एकोणीस प्रकरणांतलं एक अख्खं प्रकरण नुसत्या नात्यांच्या शब्दांना वाहिलेलं आहे. आजही काही चिनी फोनांच्या कॅल्क्युलेटरमध्ये नाती मोजायची सोय असते: आईच्या थोरल्या भावाची मुलगी असं दाबलं की तिला काय म्हणायचं ते पडद्यावर येतं. नववर्षाला गावी गेलेल्या तरुण मंडळींना त्याची गरज पडते. अशा भाषेतून आलेल्या माणसाला ‘कझिन’ हा शब्द कंगाल वाटला तर नवल नाही.

पण तो नेहमी एवढा नेमकाही नव्हता, हे मी सांगितलं. जुन्या इंग्रजीत भावंडांपलीकडचा जवळजवळ कोणताही रक्ताचा नातलग कझिन व्हायचा. ‘हॅम्लेट’ नाटकात राजा सख्ख्या पुतण्याला कझिन म्हणतो. राजे एकमेकांनाही कझिन म्हणत, नातं असो वा नसो. आजचा ‘आजोबा एक, आईबाप वेगळे’ हा काटेकोर अर्थ नंतर घट्ट झाला.

राजांचा विषय निघाला तसा मी फळा पुसला आणि पहिल्या महायुद्धातले तीन सम्राट लिहिले. इंग्लंडचा पाचवा जॉर्ज, जन्म १८६५. जर्मनीचा दुसरा विल्हेल्म, १८५९. रशियाचा दुसरा निकोलस, १८६८. इंग्रजीतलं कोणतंही लिखाण या तिघांना एका शब्दात ‘कझिन्स’ म्हणून मोकळं होतं. मी तिला म्हटलं, जॉर्जच्या जागी बस आणि दोघांना चिनीत हाक मार. मी मराठीत मारते. विल्हेल्मची आई ही जॉर्जच्या वडिलांची बहीण, म्हणून तो माझा आतेभाऊ आणि तिचा प्याओकऽ. निकोलसची आई आणि जॉर्जची आई या डेन्मार्कच्या राजाच्या मुली, म्हणून तो माझा मावसभाऊ आणि तिचा प्याओती. एका शब्दात मला दोन आयांची माहेरं दिसत होती, तिला वयाची उतरंड दिसत होती. इंग्रजी रकान्यात दोनदा ‘कझिन’ लिहून जागा उरली. विल्हेल्म आणि निकोलस हे तर एकमेकांचे जवळचे कझिन नव्हतेच, लांबचे होते. निकोलसची बायको विल्हेल्मची मावसबहीण. ‘कझिन्स’ म्हणून तिघांची मोट बांधली की हे दिसेनासं होतं.

चौथं नाव तिने मागितलं, कारण थांगची जागा मोकळी होती. मी मारी लिहिलं, जन्म १८७५, पुढे रुमानियाची राणी. तिचे वडील जॉर्जच्या वडिलांचे भाऊ, चुलतबहीण, थांगमेइ. जॉर्जने तिला मागणी घातली होती आणि तिने नकार दिला, हे सांगितल्यावर विद्यार्थिनीने खुर्ची मागे सरकवली. थांगमेइशी लग्न! जुन्या चीनमध्ये प्याओ भावंडांची लग्नं होत, चांगली घराणीही ती करत. अठराव्या शतकातल्या ‘लाल महालातलं स्वप्न’ या कादंबरीचा नायक दोन बहिणींमध्ये अडकतो, एक त्याची आतेबहीण आणि एक मावसबहीण. चिनीत दोघी प्याओ, इंग्रजी भाषांतरात दोघी कझिन. पण थांग म्हणजे एकच आडनाव, तिथे विचारही नको. १९८० च्या विवाह कायद्याने तीन पिढ्यांच्या आतलं रक्ताचं नातं सरसकट बंद केलं, त्यात प्याओही आले. मी म्हटलं, आमच्याकडे मामाची मुलगी कित्येक समाजांत चालते, मावशीची मात्र बहीण ती बहीण. ती म्हणाली, “म्हणून तुम्हाला दोन वेगळे शब्द लागतात.” एवढं सरळ कारण असेल की नाही, मी सांगू शकत नाही. पण थांग आणि प्याओमधली भिंत कुठून आली असावी याचा वास त्या वाक्यात नक्की होता.

परीक्षेला उपयोगी पडलं ते यातून उरलेलं तीन वाक्यांचं वळण. आधी ‘कझिन’. मग कथेला लागत असेल तरच ‘ऑन माय मदर्स साइड’. मग लगेच ‘ही’ किंवा ‘शी’, आणि तो मी फळ्यावर लाल खडूने लिहायची. वय सांगायचं असेल तर ‘ओल्डर कझिन’, पण इंग्रजी ऐकणाऱ्याला ते सहसा नको असतं, हे तिला पटवणं सगळ्यांत जड गेलं. थोरलेपण न सांगता माणसाचं नाव काढणं तिला उद्धट वाटायचं. सराव फोनमधल्या फोटोवर केला. नववर्षाचं जेवण, गोल टेबल, चौदा माणसं. बोट ठेवायचं आणि एका दमात ओळख करून द्यायची.

त्या फोटोतच पुढची अडचण बसलेली होती. डॉक्टर भावाच्या मांडीवर दोन वर्षांचा मुलगा. ‘माय नेफ्यू,’ ती म्हणाली. आपणही पुतण्या किंवा भाचाच म्हटलं असतं. पण इंग्रजीत नेफ्यू म्हटला की सख्खा भाऊ किंवा बहीण आलीच, आणि आम्ही पुन्हा त्या तीन भावांपाशी येऊन थांबलो. याला इंग्रजीत ‘फर्स्ट कझिन वन्स रिमूव्हड’ म्हणतात असं सांगितलं, तर तिने काळजीने विचारलं, “काढून टाकलं? कशासाठी?” रिमूव्हड म्हणजे इथे एका पिढीने सरकलेला, वाळीत टाकलेला नाही, हे समजावलं आणि लगेच ते वापरू नको असंही सांगितलं. इंग्रज स्वतःही त्यात गडबडतात. ‘माय कझिन्स सन’ पुरे.

पुढे तिने स्वतःच एक गंमत दाखवली. अर्जाच्या छापील फॉर्मलाही चिनीत ‘प्याओकऽ’च म्हणतात, फक्त त्याचा शेवटचा स्वर चढता. मामाचा थोरला मुलगाही प्याओकऽ, पण तिथे स्वर सपाट. ती म्हणाली, “इंग्रजांनी फॉर्म सोपा करून टाकला. आठ रकान्यांचा एक.” मग थोडं थांबून म्हणाली की तिचं लग्न ठरलंय तोही एकुलता एक आहे. एकच मूल व्हावं म्हणून चिनी कम्युनिस्ट पक्षाने सप्टेंबर १९८० मध्ये जाहीर पत्र काढलं, त्यानंतर जन्मलेली ही दोघं. तो नियम २०१६ च्या १ जानेवारीला उठला. त्यांना मूल झालं तर त्याला ना थांग असेल ना प्याओ. आठही रकाने रिकामे, आणि इंग्रजीतला एक रकानाही.

परीक्षा झाली. त्यानंतरच्या शेवटच्या तासाला ती वही घेऊन आली. माझे अकरा भाऊ तिला चिनीत लिहून हवे होते. मी मराठी रकाना भरला: सख्खा एक, चुलत चार, आते तीन, मामे दोन, मावस एक. तिने चौघांपुढे थांग लिहिलं, सहांपुढे प्याओ, आणि पेन उचलून थांबली. “थोरले कोण?” नऊ जणांचं मला सांगता आलं. एका आतेभावाशी अडले. लहानपणापासून मी त्याला दादा म्हणत आलेय, त्याची धाकटी भावंडं म्हणायची म्हणून. आईला फोन लावला. आई म्हणाली, “अगं, तो तुझ्यापेक्षा तीन महिन्यांनी लहान. बारसं आपल्याच घरी झालं नव्हतं का?”

विद्यार्थिनीने दयामाया न दाखवता त्याच्यापुढे ‘प्याओती’ लिहिलं.